चीनमधले डोंबारी, कथेकरी आणि गाठोडं सोडणारे

चहाचीकिटली | शुक्रवार, रात्री ११:४२

कामानिमित्त अडीच वर्षं त्यानजिनला होतो. बेजिंगहून बुलेट ट्रेनने अर्ध्या तासावरचं बंदराचं शहर. संध्याकाळी खोलीवर करण्यासारखं काही नसायचं. एका शनिवारी ऑफिसच्या गाडीचे ड्रायव्हरकाका म्हणाले, "भाषा शिकायचीय ना तुला? मग ते पुस्तक मीट आणि चल." आणि मला एका चहाघरात घेऊन गेले.

झाकणाचा कप, बशीभर सूर्यफुलाच्या बिया, समोर बुटकं स्टेज. स्टेजवर पायघोळ झगे घातलेले दोन पुरुष, मध्ये टेबल, टेबलावर घडीचा पंखा, हातरुमाल आणि लाकडाचा ठोकळा. गाणं नाही, नाच नाही. दोघं नुसते बोलत होते आणि लोक हसून लोळत होते. मला एक अक्षर कळलं नाही. दोन तास मी शेजारच्यांची तोंडं बघून अर्धा सेकंद उशिरा हसत राहिलो.

हा श्यांगशेंग. शब्दशः अर्थ रूप आणि आवाज, म्हणजे मुळात नकलाच. एकट्याने करतात, तिघाचौघांनी करतात, पण जोडीचा खरा. एक बोलणारा, दुसरा सावरणारा. आपल्या तमाशातल्या बतावणीतले सरदार आणि सोंगाड्या आठवा, फक्त इथे सावरणाऱ्याला जास्त मान. त्यांच्यात म्हणच आहे की तीन आणे बोलणाऱ्याचे, सात आणे सावरणाऱ्याचे (हिशेब दहा आण्यांचा का, ते विचारू नका). सावरणारा "हं", "असं होय?", "छे!" एवढंच म्हणतो. पण ते "हं" क्षणभर आधी आलं तरी विनोद मेला.

विनोदाच्या फटक्याला ते 'बाओफू' म्हणतात. बाओफू म्हणजे गाठोडं. आधी फडकं पसरायचं, त्यात लोकांच्या डोळ्यांदेखत एकेक वस्तू ठेवायची, गाठ मारायची आणि मग झटक्यात सोडायचं. आत भलतंच निघतं. 'तीनदा उलटव, चौथ्यांदा झटक' हा धंद्यातला नियम. गाठोडं सुटलं आणि कोणी हसलं नाही, तर त्यानजिनचे लोक तोंडाने लांबलचक "ईऽऽऽ" काढतात. खुन्नस नसते त्यात, पण नवशिक्याचे कान लाल होतात.

काकांनी सांगितलेली मूळ गोष्ट मात्र रस्त्यावरची. बेजिंगच्या दक्षिणेला त्येनछ्याओ म्हणून वस्ती होती. नावाचा अर्थ स्वर्गपूल, कारण सम्राट त्या पुलावरून स्वर्गमंदिरात पूजेला जायचा. त्याच पुलाच्या आसपास पुढे कुस्तीवाले, तलवार गिळणारे, दात काढणारे, कथेकरी आणि जादूगार यांचा बाजार भरायला लागला. श्यांगशेंगवाले ज्याला मूळपुरुष मानतात तो झू शाओवेन (१८२९ ते १९०४) इथलाच. आधी नाटकातला विदूषक. १८६१ मध्ये सम्राट वारला, दुखवट्यात ढोल-ताशे बंद, नाटकं बंद. हा रस्त्यावर आला. गुडघ्यावर बसून चिमटीतून पांढरी रेती सोडत, आपल्या बायका रांगोळी काढतात तशी, जमिनीवर मोठमोठी अक्षरं काढायचा आणि काढता काढता गायचा. गर्दी जमली की विनोद सुरू. लोकांनी त्याला नाव ठेवलं 'गरिबीला न भिणारा'.

रेतीचं वर्तुळ काढून खेळाची जागा आखणं, याला धंद्याच्या बोलीत 'हंडी आखणं' म्हणतात. हे ऐकलं तेव्हा मी बिया खायचा थांबलो. ते वर्तुळ म्हणजे आजची भाताची हंडी. त्याच्या आत लोक थांबले तर घरी चूल पेटणार. 'वारा सुटला तर निम्मे, पाऊस आला तर भोपळा' ही त्येनछ्याओवाल्यांची म्हण. पैसे गोळा करतानाचं वाक्यही ठरलेलं: ज्याच्याकडे पैसा आहे त्याने पैशाने साथ द्यावी, ज्याच्याकडे नाही त्याने उभं राहून द्यावी.

माझं म्हणणं एवढंच आहे. या सगळ्या कलांचं व्याकरण त्या वर्तुळात घडलं. तिकीट आधी काढलेला प्रेक्षक आणि पैसे न देता निघून जाऊ शकणारा प्रेक्षक यांत फरक असतो. गाठोडं म्हणा, कथेकऱ्याने नेमक्या जागी गोष्ट तोडणं म्हणा, डोक्यावर अकरावा वाडगा ठेवताना कसरतवाल्या पोरीने मुद्दाम डगमगणं म्हणा, सगळं त्या निघालेल्या पायांसाठी.

आता एक गोष्ट. होउ बाओलिन (१९१७ ते १९९३) हा श्यांगशेंगचा सर्वांत मोठा माणूस. शाळा नावापुरती, रस्त्यावर वाढलेला, पुढे पेकिंग विद्यापीठाने त्याला शिकवायला बोलावलं. त्याचा गाजलेला खेळ असा: शानतुंग प्रांताचा लष्करशहा हान फूजू. त्याच्या बापाचा वाढदिवस, घरी नाटक मंडळी बोलावलेली. स्टेजवर क्वान यू, तीन राज्यांच्या काळातला महावीर, एकटाच घोड्यावरून निघालाय आणि वाटेत सरदार कापत चाललाय. म्हातारा भडकला. "हा तर शानशी प्रांतातला! आमच्या शानतुंगात येऊन माणसं मारतो? आमचा छिन छ्योंग कुठाय? लावा दोघांची लढाई! बघू कोण जिंकतो." आता क्वान यू हान राजवटीच्या अखेरीचा, मेला इसवी सन २२० च्या सुमारास आणि छिन छ्योंग तांग राजवटीतला, मेला ६३८ मध्ये. मधे चारशे वर्षं. मंडळींचा मालक हात जोडून सांगायला गेला तर म्हातारा म्हणाला, लढले नाहीत तर जेवण बंद.

झालं. दोघं नट रंग लावून समोरासमोर उभे राहिले. भाले उचलले...

पुढे काय झालं ते पुढच्या खेपेला.

---

रानजाई | शनिवार, सकाळी ८:०५

अरे!! असं कोण तोडतं?

---

आडकित्ता | शनिवार, सकाळी ८:३१

दुर्योधनाला पानिपतावर उतरवल्यासारखं आहे हे. लवकर टाका. पु.भा.प्र. (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत)

---

शब्दवेल्हाळ | शनिवार, सकाळी ९:१४

छान लेख. पण उच्चारांचं काहीतरी करा. 'बेजिंग' नाही, 'पेइचिंग'. 'बाओफू' नाही, 'पाओफू'. त्यांच्यात आपला 'ब' नाहीच.

---

चहाचीकिटली | शनिवार, सकाळी १०:०२

शब्दवेल्हाळ, मान्य. पण 'पेइचिंग' लिहिलं की आमच्या घरी कोणाला कळत नाही, आणि ड्रायव्हरकाका त्यानजिनच्या बोलीत जे बोलायचे ते कुठल्याच लिपीत मावणार नाही. चालवून घ्या.

रानजाई, तोडणं हाच तर मुद्दा आहे. कथेकऱ्यांच्या भाषेत त्याला 'खोउझ' म्हणतात, म्हणजे बटण किंवा गाठ. गोष्ट सोडताना गाठ मारायची, उद्या सोडवायला माणूस येतोच. जुन्या चिनी कादंबऱ्यांची प्रकरणं 'पुढे काय झालं ते जाणायचं असेल तर पुढच्या खेपेचा उलगडा ऐका' अशी संपतात ना, ती कथेकऱ्यांचीच सवय कागदावर उतरली.

---

नाकतोडा | शनिवार, दुपारी १:२०

सूचोउला दोन वर्षं होते. तुमच्या उत्तरेकडच्या आरडाओरड्यापेक्षा आमचं प्रकरण मऊ. फिंगथान म्हणतात. एक बाई पीपा (चार तारांचं वाद्य) घेऊन, एक बुवा तीन तारांचं सान्श्येन घेऊन उंच खुर्च्यांवर बसतात, सूचोउच्या बोलीत निम्मं सांगतात, निम्मं गातात. दुपारचा खेळ, ऐकायला बहुतेक सत्तरीच्या पुढचे. साधारण पंधरा दिवस रोज तीच गोष्ट पुढे चालू. आजोबा थर्मास घेऊन येतात, डुलकी काढतात, उठून विचारतात कुठपर्यंत आली. आणि ती फार पुढे आलेली नसतेच!

'मोत्यांचा मनोरा' म्हणून एक कथा आहे. त्यातली श्रीमंत घरची लेक गरीब मामेभावाला भेटायला माडीवरून खाली येते. जिना अठरा पायऱ्यांचा. जुने कथेकरी तिला उतरवायला अठरा दिवस लावायचे असं सांगतात. पायरीपायरीवर तिच्या मनात काय चाललंय, जाऊ की नको, आई काय म्हणेल, मोलकरीण काय म्हणेल. शेजारच्या आजी मला म्हणाल्या, मुलगी खाली पोचली की गोष्टीतली मजा संपली.

---

घाटवाट | शनिवार, दुपारी १:५५

नाकतोडा, +१. आमच्या गावच्या कीर्तनकार बुवांनी सीतास्वयंवरात धनुष्य उचलायला तीन रात्री लावल्या होत्या. चौथ्या रात्री लाइट गेली.

---

कडूकारलं | शनिवार, दुपारी ४:४०

सगळे हळवे झाले आहेत म्हणून विचारतो. कसरतवाल्या पोरांचं काय? सहा-सात वर्षांच्या पोरांना उलटं टांगून, पाय ताणून रडवतात. आपल्याकडे डोंबाऱ्याच्या पोरीला दोरीवर चालवलं की आपण कायद्याची भाषा करतो, आणि चीनमध्ये केलं की ती 'परंपरा'. गरिबीला रंग लावून विकायचं हे.

---

चहाचीकिटली | शनिवार, संध्याकाळी ६:१८

कडूकारलं, तुमच्या रागाशी माझं भांडण नाही. वूछ्याओला गेलो होतो तेव्हा हाच प्रश्न डोक्यात होता.

वूछ्याओ म्हणजे हपै प्रांतातला एक तालुका, थोरल्या कालव्याच्या काठचा. कसरतवाल्यांचं माहेरघर. 'नव्याण्णवचा म्हातारा असो की नुकतं चालायला लागलेलं पोर, वूछ्याओत प्रत्येकाच्या हातात एक खेळ' अशी तिथली म्हण. ही काही दैवी देणगी नव्हे. जमीन खारवट, पूर यायचे, पीक बुडायचं. सुगी संपली की माणसं गाठोडं, मातीचे रांजण आणि पोरं घेऊन निघायची. रांजण म्हणतोय ते साधे, घरातले, धान्या-पाण्याचे. तेच हवेत उडवून डोक्यावर झेलायचा खेळ आजही आहे. जेवायचे वाडगे, बशा, पाट, शिडी, खुर्ची. त्यांच्या खेळांतलं सामान बघा, घरात जे होतं तेच.

पोरं लहान असतात हे खरं. रडतात हेही खरं. तिथे कसरतीची सरकारी शाळा आहे, आफ्रिकेतल्या देशांतलीही मुलं शिकायला येतात. मी गेलो त्या सकाळी एक मुलगी भिंतीला पाय लावून हातांवर उभी होती. घामाचे थेंब नाकावरून उलटे, कपाळाकडे चालले होते. मी आत गेलो, चहा पिऊन बाहेर आलो, तरी ती तशीच. 'स्टेजवरचं एक मिनिट, खाली दहा वर्षं' हे तिथे भिंतीवर लिहायची गरज नाही. हिला निवड होती का, हा प्रश्न मी विचारला नाही. विचारायला हवा होता.

फरक एवढा सांगतो की १९५० मध्ये सरकारने देशभरातले रस्त्यावरचे कसरतवाले निवडून एक राष्ट्रीय मंडळी बनवली आणि परदेशी पाठवली. 'झाजी' हे या कसरतींचं आजचं नावही तेव्हा पंतप्रधान चौ एन-लाय यांनी रूढ केलं असं सांगतात. त्याआधी या माणसांना जो तो वाटेल त्या नावाने हाक मारायचा. पगार, पेन्शन, दवाखाना मिळाला. आपल्या डोंबाऱ्याला काय मिळालं?

---

कडूकारलं | शनिवार, संध्याकाळी ७:०९

पगार मिळाला म्हणून पोराचं बालपण परत येत नाही. पण डोंबाऱ्याबद्दलचा प्रश्न बरोबर आहे. थांबतो.

---

सोलापुरी | शनिवार, रात्री ९:३०

हपै प्रांत म्हटल्यावर राहवलं नाही. आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला त्याच प्रांतात वारले. वय अवघं ३२. त्यांची समाधी शिजियाझुआंगला आहे.

---

चहाचीकिटली | शनिवार, रात्री ९:५२

सोलापुरी, तुम्हाला गंमत सांगतो. वूछ्याओच्या नावाने आंतरराष्ट्रीय सर्कस महोत्सव १९८७ पासून भरतो, पण भरतो शिजियाझुआंगला! मी तो बघायला गेलो आणि सकाळी रिकामा वेळ होता म्हणून समाधीवर गेलो. कोणीतरी ताजी फुलं ठेवलेली होती. तिथल्या म्हाताऱ्या माळ्याने मला विचारलं कुठला, मी 'इंदू' म्हणालो, तर त्याने नुसतं "क तिहुआ" म्हटलं. डॉक्टरांचं चिनी नाव. बाकी काही बोलला नाही, झाडू मारत राहिला.

---

मृदगंधा | रविवार, सकाळी ७:४८

या सगळ्यात बायका कुठे आहेत? पायघोळ झगे घातलेले पुरुषच दिसतायत.

---

चहाचीकिटली | रविवार, सकाळी ९:१५

मृदगंधा, रास्त. त्येनछ्याओवर श्यांगशेंग सुरू व्हायच्या आधी स्वतः कलाकारच बायकापोरांना हात जोडून पुढे जायला सांगायचे. भाषा तशीच होती, कमरेखालची. १९५० च्या जानेवारीत बेजिंगच्या कलाकारांनी 'सुधारणा गट' काढला, लेखक लाओ श यांनी जुने खेळ नव्याने लिहून दिले, तेव्हा ती धुऊन निघाली. (लाओ श स्वतः युद्धकाळात छोंगछिंगला स्टेजवर उभे राहून श्यांगशेंग करायचे.)

पण बाकी प्रकारांत बायका भरपूर आहेत. त्यानजिनच्या ल्वो यूशेंग (१९१४ ते २००२) एका हाताने ढोलकं वाजवत कथा गायच्या. लाकडी ठोकळा आपटून नुसती कथा सांगायची ती 'पिंगशू'. त्यात ल्यू लानफांग. १९७९ मध्ये त्यांची सेनापती यूए फेईची कथा रेडिओवर लागली की रस्ते ओस पडायचे असं काकांची बायको सांगते. त्या वेळी ती सूतगिरणीत होती. मुकादमाने कर्णा लावून दिला, कारण नाहीतर पाळीवर कोणी थांबतच नव्हतं. त्याआधी सांस्कृतिक क्रांतीत दहा वर्षं असल्या कथांवर बंदी होती, कलाकारांना झाडू मारायला आणि शेतावर पाठवलं होतं. भूक साठली होती लोकांची.

---

आडकित्ता | रविवार, सकाळी ११:०३

हे कथेकरी किती जुने आहेत पण? थाळी फिरवण्याच्या आधीपासूनचे?

---

शब्दवेल्हाळ | रविवार, दुपारी १२:२६

मी सांगतो. १९५७ मध्ये छंगदूजवळ हान राजवटीच्या उत्तरार्धातल्या थडग्यात मातीचा एक कथेकरी सापडला. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. उंची जेमतेम दोन फूट. पोट सुटलेलं, काखेत छोटा ढोल, एक पाय हवेत, कपाळाला आठ्या आणि तोंडभर हसू. बेजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मेलेल्या मालकाला परलोकात कंटाळा येऊ नये म्हणून ठेवलेला.

आणि सतराव्या शतकातला ल्यू जिंगथिंग. तोंडावर देवीचे व्रण, दिसायला ओबडधोबड. झांग दाई या लेखकाने त्याच्याबद्दल लिहून ठेवलंय: दिवसाला एकच प्रसंग, मोल सुमारे तीन तोळे चांदी, तारीख दहा दिवस आधी ठरवायची. वाघ मारणारा वू सोंग दारूच्या दुकानात शिरतो, आत कोणी नाही, तो एकदम ओरडतो. ल्यू असा ओरडायचा की दुकानातले रिकामे रांजण घुमल्यासारखं वाटायचं. आणि नोकरांची कुजबुज झाली किंवा ऐकणाऱ्याने जांभई दिली की बोलणंच बंद! किटलीराव, तुमच्या 'निघून जाणाऱ्या प्रेक्षका'च्या सिद्धांतात हा कुठे बसतो?

---

चहाचीकिटली | रविवार, दुपारी २:१०

पकडलंत. इथे निघून जाण्याची धमकी कथेकरीच देतोय. पण त्याला ती चैन परवडायला आधी किती वर्षं बाजारात उभं राहावं लागलं असेल?

---

घाटवाट | रविवार, दुपारी ३:३७

आज कोण ऐकतं पण हे? पोरं मोबाइलवर.

---

नाकतोडा | रविवार, दुपारी ४:०१

मोबाइलवरच ऐकतात! आमचा टॅक्सीवाला कथेकरी शान त्येनफांग लावायचा. घोगरा, फाटका आवाज, २०१८ मध्ये वारले, तरी टॅक्सीत जिवंत. आणि श्यांगशेंगवाल्या ग्वो दगांगच्या मंडळींची तिकिटं काही मिनिटांत संपतात, पुढच्या रांगेत विशीतल्या मुली चमकत्या काठ्या घेऊन. मला ते फार स्वस्त वाटलं. टीव्हीवरचा धुतलेला विनोद नको म्हणून हा माणूस चहाघरात गेला, आणि आता चहाघराचंच स्टेडियम केलं.

---

चहाचीकिटली | रविवार, संध्याकाळी ५:२५

नाकतोडा, अर्धं मान्य. ग्वो दगांग त्यानजिनचाच, त्यामुळे मी थोडा पक्षपाती. १९९० च्या दशकात त्याने बेजिंगमध्ये मंडळी काढली तेव्हा रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळ केलेत. टीव्हीने श्यांगशेंगला आधी मोठं केलं आणि मग दहा मिनिटांत कोंबलं. दहा मिनिटांत गाठोडं बांधून कसं होणार? फडकं पसरेपर्यंत जाहिरात लागते.

तरी मला विचाराल तर मा सानली. तोही त्यानजिनचा. १९१४ ते २००३, हाडकुळा, मोठ्या कानांचा, आवाज कधी चढत नाही. त्याचं एक गाठोडं मराठीत येतं म्हणून देतो. आई पोराला वाळत घातलेल्या कपड्यांवर लक्ष ठेवायला बसवते. चोर येतो, पोराशी गोड बोलतो, म्हणतो माझं नाव 'गंमतकरतोय'. पोराकडून पाठ करून घेतो. मग सदरा ओढतो.

"आई, सदरा नेला!"
"कोणी?"
"गंमतकरतोय!"
"गप बस मेल्या."
"आई, चड्डी नेली!"
"कोणी?"
"गंमतकरतोय!"
"आता येऊन थोबाड फोडीन."

शेवटी चादर जाते. रस्त्यावर पोरं अजून एकमेकांना हे म्हणतात.

---

रानजाई | रविवार, रात्री ८:४४

हे सगळं ठीक. क्वान यू आणि छिन छ्योंग दोन दिवस भाले उचलून उभे आहेत. हात दुखले असतील त्यांचे.

---

आडकित्ता | रविवार, रात्री ८:५०

थाळी फिरवा, आम्ही पैसे टाकतो, पण सांगा.

---

चहाचीकिटली | रविवार, रात्री १०:३३

बरं. भाले उचलले. वाजंत्री थांबली. म्हातारा पुढे वाकून बघतोय. दोघांनाही कळेना सुरुवात कोणत्या पदाने करायची, कारण असं नाटकच नाही. शेवटी एकजण सुरात गातो: मी तांगचा, तू हानचा, आपण दोघं भांडतोय ते कशापायी?

दुसरा भाला आपटून त्याच सुरात उत्तर देतो: लढ म्हणाले की लढायचं! नाही लढलास तर... (इथे तो म्हाताऱ्याकडे भाला करतो) हा जेवायला घालणार नाही!